फायरवॉलची भोके आणि चाकाचा कप्पा : घरी बांधलेल्या विमानात इंजिनाची आग कशी अडवायची

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग आणि अचूक मापाचे यंत्रकाम कित्येक दशकांपासून चालत आले आहे, हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशी विमाननिर्मात्यांसाठी भाग बनतात आणि सांबऱ्याच्या धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानेही उतरू लागली आहेत. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाला २०१७ मध्ये नोंदणी मिळाल्यापासून स्वतःच्या हातांनी विमान बांधण्याची कल्पना सीमाभागातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनाही परकी वाटेनाशी झाली आहे. या मुलांचे प्रश्न बहुधा इंजिनाची अश्वशक्ती, पंखांचा आकार आणि वेग यांच्याभोवती फिरतात. इंजिन आणि बसणाऱ्यांचे पाय यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असा एकच पत्रा असतो, त्याच्याविषयी क्वचितच कोणी विचारते. प्रस्तुत लेख त्या पत्र्याविषयी, त्याहीपेक्षा त्याला पाडलेल्या भोकांविषयी आणि उड्डाणात चाके आत ओढून घेणाऱ्या विमानात या पत्र्याला जे सर्वांत मोठे खिंडार पडते, त्याविषयी आहे.

या पत्र्याला फायरवॉल म्हणतात. इंजिनाच्या कप्प्यात आग लागलीच, तर ती केबिनमध्ये शिरण्यापूर्वी वैमानिकाला विमान जमिनीवर आणण्याइतका वेळ मिळावा, एवढेच त्याचे काम आहे. अमेरिकेतल्या प्रमाणित लहान विमानांसाठीच्या जुन्या भाग २३ नियमांत हा वेळ आकड्यांत बांधलेला होता. सुमारे १,१०० अंश सेल्सिअसची ज्वाला १५ मिनिटे लावून धरली, तरी ती पत्रा भेदून पलीकडे जाता कामा नये. वेगळी चाचणी न करता चालतील असे पत्रेही त्यात दिले होते. स्टेनलेस स्टीलचा पत्रा किमान ०.३८ मिलिमीटर जाडीचा हवा आणि गंजरोधक लेप दिलेला साध्या पोलादाचा पत्रा किमान ०.४५ मिलिमीटरचा. इंधनाच्या व तेलाच्या नळ्यांसाठी अट सौम्य होती. त्यांनी त्याच ज्वालेत ५ मिनिटे टिकले पाहिजे. पंधरा मिनिटांच्या कसोटीला उतरलेली वस्तू आणि पाच मिनिटांच्या कसोटीला उतरलेली वस्तू यांत गल्लत करू नये, कारण बाजारात दोन्ही ‘फायरप्रूफ’ याच नावाने खपवल्या जातात.

अ‍ॅल्युमिनियम या यादीत नाही, आणि त्याचे कारण ओतकामाच्या भट्टीजवळ काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्या मिश्रधातूंची ताकद त्याच्या कितीतरी आधीच जाते. विमानाचे सांगाडे मात्र बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे किंवा काचेचे धागे आणि इपॉक्सी यांच्या थरांचे असतात. घरगुती तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी तर साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. म्हणजे फायरवॉलच्या मागे जे काही आहे, त्याला आगीचा प्रत्यक्ष स्पर्श तर नकोच, पण तिची धगही फार वेळ सोसत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हौशी बांधणीच्या विमानाला प्रमाणित विमानाचे हे नियम बहुतेक देशांत जसेच्या तसे बंधनकारक नसतात. अमेरिकेत निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने शिक्षणासाठी वा छंद म्हणून स्वतः केले असेल, तर ते विमान प्रायोगिक वर्गात मोडते. त्यामुळे फायरवॉल किती चांगली बांधायची, याचा निर्णय प्रत्यक्षात बांधणारा घेतो. तपासणीस येणारा अधिकारी पत्रा पाहील, पण इन्स्ट्रुमेंट पॅनेलच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात, वायरींच्या जुडग्याखाली बसवलेला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची कडी, कशाचा आहे, हे त्याला दिसेलच असे नाही. माझ्या मते या वर्गात मिळणाऱ्या स्वातंत्र्याचा अर्थच असा आहे, की प्रमाणित विमानाचा किमान निकष आपण होऊन पाळावा आणि जेथे तो अपुरा वाटेल तेथे त्याच्या पुढे जावे.

आग लागण्याची कारणे फार गूढ नसतात. विमानाचे पेट्रोल बेळगावच्या कोणत्याही ऋतूत पेट घेण्याइतकी वाफ सोडते आणि इंजिनातून बाहेर पडणारे वायू ७५० ते ८५० अंशांचे असतात. सैल झालेले इंधनाच्या नळीचे फिटिंग, तडा गेलेला एक्झॉस्ट पाइप, घासून उघडी पडलेली अल्टरनेटरची वायर किंवा एक्झॉस्टवर ठिबकणारे तेल, यांपैकी एक कारण पुरेसे आहे. इंजिन सुरू करताना प्रमाणाबाहेर प्राइम केल्यामुळे, म्हणजे आधीच जादा इंधन सोडल्यामुळे, लागणारी आग वेगळी. ती सहसा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात असते आणि स्टार्टर फिरवत ठेवल्यास इंजिन ती आत ओढून घेते.

आता भोकांकडे येऊ. साध्या एक इंजिनाच्या विमानातही फायरवॉलमधून इंधनाची नळी, तेलाच्या दाबाची नळी, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) व मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण) यांच्या केबल, बॅटरी व स्टार्टरच्या जाड वायरी, सेन्सरच्या बारीक वायरींचे जुडगे आणि केबिन हीटरची हवा एवढे सर्व जाते. प्रत्येकासाठी एक भोक आणि प्रत्येक भोकात काहीतरी बसवलेले. किटसोबत, म्हणजे जुळवायच्या सुट्या भागांच्या संचासोबत, जे येते ते बहुतेकदा रबरी ग्रोमेट असते, किंवा निळ्या रंगाचे अ‍ॅनोडाइझ केलेले अ‍ॅल्युमिनियमचे बल्कहेड फिटिंग. हे निळे फिटिंग दिसायला देखणे असते, हलके असते, आट्याही सुबक कापलेल्या असतात. त्यामुळे ते बदलावेसे कोणाला वाटत नाही. पण स्टेनलेसच्या पत्र्यातून अ‍ॅल्युमिनियमचे फिटिंग आरपार बसवले, की त्या वर्तुळापुरती ती फायरवॉल अ‍ॅल्युमिनियमची झाली. आगीत ते फिटिंग वाकते, नट सुटतो, नळी मोकळी होते आणि त्याच भोकातून पेटते इंधन केबिनच्या बाजूला येण्याची वाट तयार होते. त्याऐवजी तेच फिटिंग पोलादाचे घ्यावे. वजनातला फरक काही ग्रॅमचा असतो.

केबलसाठी पोलादी गोलक असलेले फिटिंग मिळते, ज्यात केबल तिरकी गेली तरी भोवती फट राहत नाही. वायरींच्या जुडग्यासाठी चांगली पद्धत अशी आहे, की पत्र्याला एक छोटी स्टेनलेसची नळी फ्लँजने बसवावी, वायरी तिच्यातून न्याव्यात, नळीच्या आत आगरोधक सीलंट भरावा आणि इंजिनाच्या बाजूने सिलिकॉनचा लेप असलेली काचधाग्यांची फायरस्लीव्ह चढवून ती स्टेनलेसच्या क्लॅम्पने आवळावी. भोके जितकी कमी आणि एकत्रित, तितके बरे. नटांकडेही लक्ष द्यावे. आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट इंजिनाच्या कप्प्यात वापरू नये, कारण नायलॉन मऊ पडले की त्याची पकड संपते. तेथे पूर्ण धातूचे लॉकनट लागतात. फायरवॉलच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मारले असतील, तर ते काढून पोलादाचे किंवा मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) मारावेत. पत्रा टिकला आणि त्याला धरून ठेवणारे रिव्हेट वितळले, तर त्या पत्र्याचा उपयोग काय?

हीटरच्या भोकाविषयी सीमाभागातल्या बांधणाऱ्याला एक सोयीचा निर्णय घेता येतो. हे भोक साधारण दोन इंच व्यासाचे, म्हणजे सगळ्यांत मोठे असते, आणि त्यावरचा झडपेचा डबा अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. शिवाय एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून येणाऱ्या या हवेबरोबर, पाइपला तडा गेल्यास, कार्बन मोनॉक्साइडही थेट केबिनमध्ये येतो. बेळगावच्या हिवाळ्यात उडताना एक जाड जॅकेट पुरते. त्यामुळे हीटर मुळातच न बसवता त्या भोकावर स्टेनलेसची चकती पक्की करून टाकावी, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना हीटर हवाच असेल त्यांनी डबा आणि झडप दोन्ही स्टेनलेसची घ्यावीत.

पत्रा आणि भोके नीट झाली तरी एक प्रश्न उरतो, तो मागच्या बाजूच्या उष्णतेचा. फायरवॉलच्या कसोटीत ज्वाला पलीकडे जाते का आणि पलीकडची बाजू पेट घेते का, एवढेच पाहिले जाते. ती बाजू थंड राहावी अशी अपेक्षा नसते. स्टेनलेसचा पातळ पत्रा एका बाजूने तापला, की दुसऱ्या बाजूनेही लाल होतो आणि धग फेकू लागतो. आवाज कमी व्हावा म्हणून केबिनच्या बाजूने पत्र्याला फोम आणि कापडी अस्तर चिकटवण्याची पद्धत सर्रास दिसते. अशा विमानात ज्वाला केबिनमध्ये येण्याआधीच तापलेला गोंद आणि फोम धूर सोडू लागतात, आणि वैमानिकाला अर्धमेला करायला तो धूर पुरेसा असतो. म्हणून उष्णतारोधक थर इंजिनाच्या बाजूला असावा. काचधाग्यांच्या विमानात पत्रा आणि सांगाडा यांच्यामध्ये सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा सिरॅमिक धाग्यांचा थर देण्याची पद्धत आहे. उद्यमबागेतल्या भट्ट्यांना आतून जे सिरॅमिक ब्लँकेट लावतात, त्याच जातीचा हा माल. ते कापताना नाकातोंडावर योग्य मास्क हवाच, कारण त्याचे बारीक धागे फुप्फुसात जाणे चांगले नाही.

येथपर्यंत सांगितलेले सर्व स्थिर चाकांच्या विमानालाही लागू आहे. चाके आत घेणाऱ्या विमानात गुंतागुंत वाढते ती नाकाच्या चाकामुळे. लॅन्सेअर ३२० आणि ३६० किंवा ग्लासेअर या किट विमानांच्या आरजी (चाके आत घेणाऱ्या) प्रकारांत हे चाक उड्डाणानंतर मागे वळून फायरवॉलच्या मागच्या बाजूला, बसणाऱ्यांच्या पायांच्या पट्ट्यात असलेल्या एका कप्प्यात जाते. चाकाचा पाय मागे वळायचा म्हणजे फायरवॉलच्या खालच्या भागात खाच हवी आणि त्या खाचेमागे एक लांबट खोका. आपण समोरच्या पत्र्याची प्रत्येक फट बुजवतो आणि त्याच पत्र्याच्या तळाशी टायर मावेल एवढी मोकळी जागा सोडतो. या खोक्याच्या भिंती बहुतेक किटमध्ये काचधागा आणि इपॉक्सीच्याच असतात. सांडलेले इंधन आणि तेल इंजिनाच्या कप्प्यात खालीच साचते, काउलिंगमधून, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातून, बाहेर पडणारी गरम हवाही खालूनच मागे वाहते, आणि चाकाचे दरवाजे नीट मिटत नसतील तर हे सगळे सरळ कप्प्यात शिरते. आत रबरी टायर, हायड्रॉलिकच्या नळ्या आणि मायक्रोस्विचच्या वायरी असतात. जळायला तेथे काहीच कमी नाही. लॅन्सेअरच्या त्या जुन्या दोन आसनी किटमध्ये इंधनाची एक टाकी फायरवॉल आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेल यांच्यामध्ये, बसणाऱ्यांच्या पायांवरच असते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या कप्प्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

म्हणून चाकाचा कप्पा हा फायरवॉलचाच दुमडलेला भाग आहे, असे धरून तो बांधावा. कप्प्याच्या आतल्या छतावर आणि दोन्ही बाजूंवर सिरॅमिक धाग्यांचा थर देऊन त्यावर ०.३८ मिलिमीटरचा स्टेनलेस पत्रा बसवावा, तो पुढे आणून मुख्य फायरवॉलच्या पत्र्यावर किमान दोन सेंटिमीटर चढवावा आणि त्या जोडात सीलंट भरून पोलादी रिव्हेट मारावेत. या जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ३ किलो भरते. कप्पा अर्ध्या चौरस मीटरचा धरला तर दीड किलोच्या आसपास. ते वजन विमानाच्या नाकाकडे वाढते, म्हणून गुरुत्वमध्याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. कप्प्याच्या भिंतीतून दरवाजे ओढणारा दांडा किंवा एखादी हलती केबल जात असेल, तर तेथे सीलंट चालत नाही. तेथे सिलिकॉन लावलेल्या काचकापडाचा चुणीदार बूट बसवून तो दोन्ही टोकांना पोलादी पट्टीने बांधावा. पत्रा बसल्यावर विमान जॅकवर घेऊन चाक अनेकदा आत-बाहेर करून पाहावे आणि टायरभोवती बोटभर जागा राहते ना, हे तपासावे, कारण पावसाळ्यात आपल्याकडची तांबडी माती टायरला जाड थराने चिकटते आणि त्याच अवस्थेत चाक आत जाते.

हायड्रॉलिक तेलाचा विचार या कप्प्याबरोबरच करायला हवा. लहान विमानांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाणारे लाल रंगाचे ५६०६ हे खनिज तेल ८२ अंशांच्या आसपास पेटण्याजोगी वाफ सोडू लागते. ८३२८२ या कृत्रिम तेलाचा हाच आकडा २०५ अंशांच्या वर आहे, ते त्याच सीलना चालते आणि जुन्या तेलात मिसळले तरी बिघडत नाही. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होते, हा त्याचा दोष आहे. पण बेळगाव-धारवाडच्या हवेत तो आड येत नाही, त्यामुळे आपल्याकडे ८३२८२ न वापरण्याला मला कारण दिसत नाही. तरीही दाबाखाली फुटलेल्या नळीतून बारीक तुषार उडाले, तर दोन्ही तेले पेटतात. पंप आणि टाकी एकत्र असलेला पॉवर पॅक म्हणूनच फायरवॉलच्या मागे असावा आणि पुढे जाणाऱ्या नळ्या पोलादाच्या, फायरस्लीव्ह चढवलेल्या असाव्यात. अनेक किटमध्ये चाके वर धरून ठेवण्याचे काम हायड्रॉलिकचा दाबच करतो, वेगळी खुंटी नसते. अशा विमानात आगीने नळी जळाली तर तेल आगीत पडते, दाब जातो, चाके आपोआप खाली पडतात, कप्प्याचे दरवाजे उघडतात आणि आगीला आत यायला वाट मिळते. एका नळीवरच्या फायरस्लीव्हची काटकसर केल्याने ही सगळी साखळी सुरू होते.

आपले काम खरोखर टिकते का, हे पाहण्याची सोय आपल्याकडे चांगली आहे. सुमारे एक फुटाचा स्टेनलेसचा तुकडा घ्यावा, त्याला विमानात आहे तसेच भोक पाडून तीच नळी, तेच सीलंट, तोच नट आणि तोच उष्णतारोधक थर बसवावा आणि मोकळ्या आवारात, विमानापासून दूर, एलपीजीच्या मोठ्या बर्नरसमोर तो उभा करावा. हीट ट्रीटमेंटच्या दुकानांत वापरतात तसा के प्रकारचा थर्मोकपल ज्वालेत धरून १,१०० अंशांचा आकडा मिळेपर्यंत अंतर जमवावे. जवळ अग्निशामक आणि जाणकार माणूस हवाच. अशा चाचणीत काय घडते ते डोळ्यांनी पाहण्यासारखे असते. चुकून नायलॉक नट राहिला असेल तर त्याची कडी आधी धुरावते, अ‍ॅल्युमिनियमचे फिटिंग एकदम मान टाकते आणि थेंब गळू लागतात. फुगणाऱ्या जातीचे चांगले सीलंट मात्र काळे पडून वर येते आणि वायरींच्या मधल्या फटी भरून टाकते. इमारतींसाठी मिळणारे आगरोधक सीलंट वापरायचे झाल्यास ही चाचणी अधिकच आवश्यक ठरते. त्या मालाला भिंतीत कंपने सोसावी लागत नाहीत आणि त्यावर पेट्रोलही सांडत नाही. सिलिकॉनच्या सीलंटला पेट्रोल मानवत नाही, म्हणून ते कधीही उघडे न ठेवता पोलादी फ्लँजखाली दाबलेले असावे.

बांधून झालेल्या विमानात रात्री हँगरचे दिवे मालवून इंजिनाच्या कप्प्यात प्रखर दिवा लावावा आणि केबिनमध्ये पायांच्या जागी डोके घालून दहा मिनिटे शांतपणे पाहावे. जेथून प्रकाशाची रेघ येते तेथून धूर आणि कार्बन मोनॉक्साइडही येणार. उड्डाणात केबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असल्याने फट हवा आत ओढते. हीच तपासणी चाके खाली ठेवून आणि कप्प्याचे दरवाजे उघडे ठेवून पुन्हा करावी. खानापूरच्या बाजूला आणि बेळगाव शहरातही पावसाळा दमट आणि लांबलेला असतो. सिरॅमिक थर ओल धरून ठेवतो आणि साध्या पोलादाचा पत्रा मागून गुपचूप गंजतो. त्यामुळे दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास कप्प्याचा एखादा कोपरा उघडून आतला थर कोरडा आहे का, फायरस्लीव्ह तेलाने भिजली आहे का, हे पाहून घ्यावे. तेल प्यालेली फायरस्लीव्ह आगीत वात होते, ती बदलायचीच.

हवेत आग लागली तर क्रम ठरलेला असतो. इंधनाचा सिलेक्टर बंद, मिक्श्चर पूर्ण मागे, मॅग्नेटो (ठिणगी देणारे यंत्र) बंद, हीटर बंद, मास्टर स्विच (विजेचा मुख्य स्विच) बंद, आणि ज्वाला विझेल अशा वाढत्या वेगाने खाली उतरणे. इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा नाही. चाके आत घेणाऱ्या विमानात या क्रमात दोन अडचणी येतात. मास्टर बंद झाल्यावर विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंपही बंद पडतो, त्यामुळे चाके बाहेर काढायची तर दाब सोडणारी झडप उघडून ती स्वतःच्या वजनाने पडू देणे किंवा हाताच्या साधनाने उतरवणे, हाच मार्ग उरतो. दुसरे असे, की आग विझवण्यासाठी घेतलेला वेग चाके काढण्याच्या कमाल वेगापेक्षा जास्त असू शकतो. तेव्हा आधी वेग कमी करावा लागतो, आणि चाके जितकी उशिरा काढावी तितका कप्पा जास्त वेळ मिटलेला राहतो.

चाके काढावीत की नाही, हे खाली काय आहे त्यावरही ठरते. २०२३ मध्ये एका प्रशिक्षण विमानाला सांबऱ्याजवळ होन्निहाळच्या शिवारात तातडीने उतरावे लागले होते. बेळगावच्या नैर्ऋत्येला खानापूरचे जंगल आहे, पूर्वेला उसाचे मळे आणि बैलहोंगल-गोकाककडची काळी जमीन. पावसानंतरच्या काळ्या मातीत किंवा नांगरलेल्या रानात नाकाचे चाक रुतून विमान उलटण्याचा धोका असतो, आणि उलटलेल्या जळत्या विमानाची कॅनोपी आतून उघडणे जवळपास अशक्य असते. अशा ठिकाणी पोटावर उतरणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते, तर धावपट्टी किंवा कडक माळ हाताशी असेल तेथे चाके उपयोगी पडतात. हा विचार धुराने भरलेल्या केबिनमध्ये सुचणार नाही, तो आधीच करून चेकलिस्टमध्ये उतरवलेला असावा लागतो. म्हणून विमान जॅकवर असताना मास्टर बंद करून, डोळ्यांवर पट्टी बांधून झडप हाताला सापडते का ते पाहावे, तिन्ही चाके खाली येऊन पक्की बसायला किती सेकंद लागतात ते मोजावे आणि तो आकडा आगीच्या चेकलिस्टवर मोठ्या अक्षरांत लिहावा. जॅकवर समोरून वारा नसतो, हवेत तो पुढच्या बाजूने येऊन मागे वळणाऱ्या चाकाच्या पायाला खाली येण्यास विरोध करतो. तेव्हा पुरेशा उंचीवर, सुरक्षित वेगात, प्रत्यक्ष उड्डाणातही ही वेळ एकदा मोजून घ्यावी आणि चेकलिस्टवर दोन्हींपैकी मोठा आकडा ठेवावा.